कॉसमॉस लावा, पण त्याचं बी डोंगरावर जाऊ देऊ नका

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन नीट बसवा, कारण आजचा भाग तुमच्याच प्रश्नांवर आहे. मागच्या भागानंतर व्हॉइस नोट्सचा पाऊस पडला आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच फुलाबद्दल होत्या, कॉसमॉस. सांगलीच्या एका ताई म्हणतात, "झाड माझ्यापेक्षा उंच झालं, पण फूल एकही नाही." कराडच्या एका मित्राचं म्हणणं, "पानांवर कुणीतरी पीठ शिंपडल्यासारखं दिसतंय." आणि साताऱ्याच्या कॉलेजातल्या एका मुलीने विचारलंय, "यवतेश्वरच्या बाजूला डोंगरावर याचं बी टाकलं तर किती भारी दिसेल ना?"

पहिल्या दोन प्रश्नांना सोपी उत्तरं आहेत. तिसऱ्यासाठी जरा वेळ लागेल, आणि खरं सांगायचं तर हा भाग मी त्या तिसऱ्या प्रश्नासाठीच करतोय. पण आधी कुंडी, मग डोंगर.

तर कॉसमॉस म्हणजे नक्की कोण? नर्सरीत या नावाखाली दोन वेगळी झाडं मिळतात. एक गुलाबी, पांढरं, जांभळट फूल देणारं. त्याची पानं शेपूच्या भाजीसारखी बारीक, मऊ. दुसरं पिवळं-केशरी. त्याची पानं जरा रुंद, झेंडूच्या पानाची आठवण करून देणारी. पहिलं थोडं नाजूक आहे. दुसरं म्हणजे दणकट गडी, ऊन, कमी पाणी, मुरमाड जमीन, कशालाही हार जात नाही. दोघंही मूळचे मेक्सिकोकडचे. १७९१ साली माद्रिदच्या वनस्पती उद्यानातल्या काव्हानियेस नावाच्या अभ्यासकाने या दोघांना शास्त्रीय नावं दिली. पिवळ्याच्या नावात 'सल्फ्युरियस' आहे, म्हणजे गंधकाच्या रंगाचं. हे गंधक लक्षात ठेवा, पुढे औषध म्हणूनही येणार आहे.

आता पेरणी. आपल्याकडे दोन मोसम जमतात. एक जूनअखेर ते जुलै, दुसरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. गॅलरीत किंवा गच्चीवर लावणार असाल तर माझं मत सरळ दुसऱ्या मोसमाला. कारण सांगतो. कॉसमॉस दिवसाची लांबी मोजतं. दिवस लहान होत गेले की त्याला फुलायची घाई होते. जूनमध्ये पेरलेलं झाड मोठ्या दिवसांत नुसतं उंच वाढत राहतं आणि पाऊस सरताना फुलायला लागतं. ऑक्टोबरमध्ये पेरलेलं झाड बुटकं राहतं आणि दोन-अडीच महिन्यांत फुलावर येतं. शिवाय जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या पावसात कोवळी रोपं टिकवणं हा वेगळाच ताप.

बी फार खोल टाकू नका. अर्धा सेंटीमीटर माती वर आली तरी पुरे. पाच ते दहा दिवसांत उगवतं. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा, कुंडी किमान दहा-बारा इंची घ्या आणि खाली भोकं असलीच पाहिजेत. ऊन रोज सहा तास.

मातीचा मुद्दा सातारा आणि सांगलीसाठी वेगवेगळा आहे. साताऱ्याच्या पश्चिमेकडची तांबडी, मुरमाड माती कॉसमॉसला आवडते, कारण पाणी थांबत नाही. कृष्णाकाठची काळी माती मात्र ऊस आणि हळदीसाठी सोनं असली तरी कुंडीत भरली की चिखलाचा गोळा होते. तिथे दोन भाग मातीला एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एवढं मिसळा. त्यानंतर खत द्यायची फारशी गरज नाही. हे वाक्य मुद्दाम परत म्हणतो, खत द्यायची फारशी गरज नाही.

यावरून सांगलीच्या ताईंचा प्रश्न. झाड उंच, फूल नाही. ताई, तुम्ही सांगितलंत की दर पंधरा दिवसांनी थोडा युरिया देताय. तिथेच घोटाळा आहे. नत्र भरपूर मिळालं की झाड पानं आणि खोडच वाढवत बसतं. खत बंद करा. दुसरी शक्यता सावली. तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही, ती म्हणजे रात्रीचा दिवा. कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा गॅलरीतल्या रात्रभर चालू असणाऱ्या बल्बखाली असेल तर झाडाला दिवस मोठाच वाटत राहतो आणि फुलायला उशीर होऊ शकतो. कुंडी हलवून बघा.

इथे एक सवय लावून घ्या. आम्ही ऑफिसमध्ये बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर नेमकं कशामुळे सुटलं ते कळत नाही. झाडाचंही तसंच. खत बंद, जागा बदल, औषध फवार, सगळं एकाच रविवारी करू नका. एक बदल करा, दहा दिवस थांबा, मग पुढचं.

उंच झालेलं झाड वाऱ्याने आडवं होतं, हीसुद्धा नेहमीची तक्रार. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा. बाजूने फांद्या फुटतात, झाड डेरेदार होतं, फुलंही जास्त येतात. आता उशीर झालाच असेल तर बांबूची काडी रोवून सैल सुतळीने बांधा.

कराडच्या मित्राचा प्रश्न, पानांवरचं पीठ. ही भुरी. तासगाव, पलूस, मिरजेकडे घरी द्राक्षबाग असेल तर तुमच्या वडिलांना फोटो दाखवा, ते बघताक्षणी सांगतील. द्राक्षावरची भुरी आणि कॉसमॉसवरची भुरी यांच्या बुरशी वेगळ्या, पण वागणं बरंचसं सारखं. दिवसा कोरडं ऊन, रात्री गारवा आणि झाडांची दाटी झाली की ती पसरते. पहिला उपाय फुकट आहे. खालची पांढरी पडलेली पानं काढून टाका आणि कुंड्यांत अंतर वाढवा म्हणजे वारा खेळेल. एवढ्याने थांबलं नाही तर पाण्यात मिसळणारं गंधक, एक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा. पारा पस्तिशीकडे असेल तर गंधक नको, पानं भाजतात. आणि निंबोळी तेल मारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधक मारू नका. फवारताना तोंडाला रुमाल, हातात मोजे.

बाकीचे त्रास पटापट सांगतो.

कोवळी रोपं जमिनीलगत कुजून कोलमडतात, त्याला शेतकरी मर किंवा रोपं कोलमडणं म्हणतात. पाणी जास्त झालंय. पेरताना मातीत ट्रायकोडर्मा मिसळा, पाणी सकाळी द्या, तेही माती वरून सुकल्यावरच.

शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे, पानं चिकट, त्यावर मुंग्यांची ये-जा. हा मावा. पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मे पडतात. उरलेल्यांसाठी एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब, संध्याकाळी. पण त्याआधी पानं नीट बघा. काळ्या-केशरी, काटेरी दिसणाऱ्या छोट्या अळ्या फिरत असतील तर त्या लेडीबर्ड भुंग्याच्या असतात आणि त्याच मावा खातात. त्यांना मारू नका, आठवडाभर काम करू द्या.

उन्हाळ्याकडे जाताना पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे कोळ्यासारखं जाळं दिसलं तर लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते. पानाच्या मागच्या बाजूला रोज पाणी फवारलं की बराच आटोक्यात येतो.

माती ओली आहे तरी झाड मान टाकतंय? अजून पाणी ओतू नका. मुळं गुदमरलीत. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर कुंडीचं भोक मोकळं करा आणि थांबा.

फुलं पाकळ्यांऐवजी हिरव्या पानांसारखी येतायत? तिळातला पर्णगुच्छ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ओळखू येईल. हा फायटोप्लाझ्माचा रोग, तुडतुडे पसरवतात. यावर घरगुती औषध नाही. झाड उपटून टाका, म्हणजे शेजारची वाचतील.

आणि शेवटची तक्रार, "चार महिन्यांनी झाड वाळायला लागलं, काय कमी पडलं?" काहीच नाही. कॉसमॉस एका हंगामाचं झाड आहे. त्याचं आयुष्य संपलं.

पण ते संपताना काय ठेवून जातं? बी. इथून आपण त्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

आत्तापर्यंत मी जे सांगितलं त्याचा सारांश काय? खत नको, पाणी कमी चालतं, मुरमाड माती आवडते, ऊन सोसतं, पटकन फुलतं. कुंडीसाठी हे सगळे गुण आहेत. आता तेच गुण घेऊन हे झाड साताऱ्याच्या डोंगरउतारावर गेलं असं समजा. पाणी घालणारा कुणी नको, खत नको, हटवणारा कुणी नाही. पिवळ्या कॉसमॉसचं बी जवळून बघा. लांब, काळपट, आणि टोकाला दोन-तीन उलटे काटे असलेलं. पँटला चिकटतं, मोज्याला चिकटतं, जनावरांच्या केसांना चिकटतं. सह्याद्रीत रस्त्यांच्या कडेला, टेकड्यांवर हे झाड आता कुणी न पेरता उगवताना दिसतं.

सातारकरांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईहून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातली चार महाराष्ट्रात आहेत, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कास आणि कोयना साताऱ्यात, आणि चांदोलीचा भाग सांगलीच्या शिराळ्यापर्यंत येतो. म्हणजे चारपैकी तीन जागा आपल्या या दोन जिल्ह्यांच्या अंगणात आहेत.

कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर, जांभ्या दगडाचं. बऱ्याच ठिकाणी माती काही इंचच. पावसाळ्यात पाण्याने भरलेलं, उन्हाळ्यात तव्यासारखं तापलेलं. इतक्या गरीब जमिनीत मोठी झाडं टिकत नाहीत, म्हणूनच छोट्या फुलांना जागा मिळते. सीतेची आसवे हे निळं-जांभळं फूल तुम्ही फोटोत पाहिलं असेल. त्या झाडाला मातीतून नत्र पुरत नाही म्हणून ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंबांनी किडे पकडते. वायतुरा तर असा, की त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ही सगळी मंडळी बोटभर, वीतभर, फार तर गुडघ्याएवढी. त्यांच्या शेजारी चार-पाच फुटांचं कॉसमॉस दाटीने उभं राहिलं तर ऊन कुणाला मिळणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. उघड्या कातळावर कॉसमॉस लगेच राज्य करेल असं मी म्हणत नाही. असं झाड आधी शिरतं ते उकरलेल्या जागेत. रस्त्याचं काम झालेली कड, पार्किंगसाठी सपाट केलेली जमीन, बांधकामाचा राडारोडा, नवीन प्लॉटचं कुंपण. तिथे बस्तान बसलं की दर वर्षी बी पडतं आणि शेजारच्या गवताळ उतारावर एक-एक पाऊल पुढे. गवताची जागा गेली म्हणजे गुरांचा चाराही गेला. गाजर गवताचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आणि आज महाराष्ट्रात ते नाही असं गाव दाखवा. गाजर गवत आणि कॉसमॉस एकाच कुळातले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, झेंडूपण मेक्सिकोचाच ना? मग दसऱ्याला तोरण बांधायचं नाही का?" बरोबर प्रश्न. झेंडू परदेशी आहे, डेलिया परदेशी आहे, आपल्या जेवणातली मिरचीसुद्धा परदेशी आहे. परदेशी असणं हा गुन्हा नाहीच. तुम्ही कधी झेंडूने अख्खा डोंगर गिळलेला पाहिलाय? तो शेतात लावावा लागतो, जपावा लागतो. प्रश्न झाड कुठून आलं हा नाही, ते कुंपणाबाहेर गेल्यावर कसं वागतं हा आहे.

दुसरा प्रश्न नेहमी येतो, "पण त्याच्यावर फुलपाखरं येतात, मधमाश्या येतात, म्हणजे निसर्गाला फायदाच ना?" फुलपाखरू मध प्यायला येतं, हे खरं. पण ते अंडी घालतं ठरावीक झाडांवर, कारण अळी ठरावीक पानंच खाते. ती स्थानिक झाडं, ते गवत गेलं तर पुढच्या वर्षी फुलपाखरू येणार कुठून? नुसत्या हॉटेलांनी गाव वसत नाही, घरंही लागतात.

दक्षिण आफ्रिकेत हे आधी घडून गेलंय. तिथे १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात घोड्यांसाठी अर्जेंटिनाहून चारा आणला, त्यातून गुलाबी कॉसमॉसचं बी आलं, असं तिथे सांगतात. आज मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या शरद ऋतूत, तिथले मैलोन्मैल रस्ते गुलाबी होतात आणि लोक फोटो काढायला जातात. झाड बाहेरचं आहे हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. आपल्याकडच्या रील्स बघताना मला तीच काळजी वाटते. केशरी फुलांच्या ताटव्यात उभं राहून खाली 'सह्याद्रीचं सौंदर्य' असं लिहिलेलं असतं. पाच-दहा वर्षांनी लहान मुलांना तेच सह्याद्रीचं फूल वाटेल, आणि सोनकी कुठली हे विचारावं लागेल.

सोनकीचा विषय निघालाच तर फरक सांगून ठेवतो, कारण उत्साहाच्या भरात कुणी सोनकीच उपटायची. सोनकी आपली, सह्याद्रीची. झाड बुटकं, फूल लहान, पूर्ण पिवळं, आणि पान अखंड, कडेला दाते असलेलं. पिवळ्या कॉसमॉसचं पान चिरलेलं असतं, फूल मोठं असतं, बहुतेक वेळा केशरी झाक असते आणि वाळलेल्या फुलात ते काटेरी टोकाचं लांब बी दिसतं. फुलावरून ठरवू नका, पान बघा.

मग करायचं काय? कॉसमॉस लावायचंच नाही का? शहरात, गच्चीत, कुंडीत जरूर लावा. फक्त एक काम चुकवू नका, फूल कोमेजलं की खुडा. याचा फायदा दुहेरी आहे. बी धरायला न मिळाल्याने झाड पुन्हा पुन्हा फुलं देतं, आणि बी बाहेर जात नाही. पुढच्या वर्षासाठी बी हवं असेल तर दोन-चार फुलं ठेवा, ती तपकिरी होऊन बी पसरायच्या आत कापा, कागदी पाकिटात वाळवा, वर तारीख लिहा. बाकीची बी धरलेली फुलं कंपोस्टमध्ये टाकू नका, घरच्या कंपोस्टमध्ये बी मरण्याइतकी उष्णता सहसा होत नाही. बादलीत पाण्यात बुडवून पूर्ण कुजू द्या, मग ते पाणी कुंडीलाच घाला.

ज्यांचं घर, शेत किंवा होमस्टे डोंगराला लागून आहे, कास रोड, बामणोली, पाटण, शिराळ्याचा पश्चिम भाग, त्यांना माझी हात जोडून विनंती. पिवळं-केशरी कॉसमॉस कुंपणाला लावू नका. गुलाबीही मोकळ्या जमिनीत नको. तिथे अबोली लावा, कोरांटी लावा, बागेतला तेरडा लावा. पाहुण्यांना फोटोला फुलंच हवी असतात, ती यांचीही सुंदर दिसतात.

जूनमध्ये सीडबॉल टाकायला जाणाऱ्या ग्रुप्सनी पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय बी वापरू नये. 'रानफुलांचं मिश्रण' असं लिहिलेल्या पाकिटातही कॉसमॉस असू शकतं. ट्रेकहून उतरताना मोजे आणि पँट झटका, चिकटलेलं बी खिशात ठेवा आणि घरी कचऱ्यात टाका. स्वतःच्या जमिनीत उगवलेलं दिसलं तर पावसानंतर माती मऊ असताना, बी धरायच्या आधी, मुळासकट उपटा. वनखात्याच्या हद्दीत मात्र स्वतः उपटायला जाऊ नका. कासवर तर पायवाट सोडून एक पाऊल टाकलं तरी खाली काहीतरी चिरडतं. फोटो काढा, जागा टिपून घ्या आणि वनरक्षकांना किंवा तिथल्या समितीच्या लोकांना दाखवा.

तर यवतेश्वरला बी टाकू का विचारणाऱ्या मैत्रिणीला उत्तर, नको. तुझ्या खिडकीत दोन कुंड्या लाव, आणि सप्टेंबरमध्ये कासला जाऊन वाकून, जमिनीजवळ डोळे नेऊन सीतेची आसवे बघ. विचारलंस हे फार बरं केलंस, कारण बहुतेक जण न विचारताच टाकतात.

पुढच्या भागात सोनचाफ्याची पानं पिवळी का पडतात ते बघू. तोवर तुमच्या कॉसमॉसचे फोटो पाठवा, पानाच्या मागच्या बाजूचाही एक पाठवा, कारण अर्धे रोग तिथेच लपलेले असतात. भेटूया, काळजी घ्या.